बूस्टर सीट कधी काढायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न (आणि कुणी न विचारलेले दोन-तीन)

मे महिन्याची सुट्टी आणि दिवाळी जवळ आली की ओळखीतल्या कुणाचा तरी मेसेज येतोच, की गावाला निघालोय, पोरगा बूस्टरवर बसायला तयार नाही, आता काढला तर चालेल का गं? (बूस्टर म्हणजे गाडीच्या सीटवर ठेवायचं आसन, मुलाला उंच बसवतं म्हणजे मोठ्यांचा सीट बेल्ट त्याला नीट बसतो.) मी डॉक्टर नाही की गाड्यांची इंजिनियर नाही. घरात दोन मुलं, मोठी साडेदहाची आणि धाकटा सातचा, आणि पुणे-कोल्हापूर वर्षातून आठ-दहा वेळा, एवढंच माझं क्वालिफिकेशन. पण या विषयावर इतकं वाचलंय आणि घरात इतकी भांडणं झालीयेत की आता एकदाच सगळं लिहून टाकते.

मुलगा ८ वर्षांचा झाला. आता बूस्टर काढला तर चालेल ना?

बहुतेक नाही. हा ८ चा आकडा अमेरिकेतल्या काही राज्यांच्या कायद्यातून आलाय आणि तिथून फिरत फिरत आपल्याकडे "८ वर्षं झाली की सुटलो" असा झालाय. गाडीतल्या पट्ट्याला वय कळत नाही. तो मोठ्या माणसाच्या मापाचा शिवलेला असतो. मूल त्या मापात बसतंय की नाही एवढाच प्रश्न आहे, आणि ८ वर्षांचं मूल त्यात सहसा बसत नाही.

मग नक्की बघायचं काय?

पाच गोष्टी. याला इंग्रजीत फाइव्ह स्टेप टेस्ट म्हणतात, पण नाव सोडा, करायला दोन मिनिटं लागतात. गाडी पार्किंगमध्येच उभी ठेवा, बूस्टर काढा, मुलाला नुसत्या सीटवर बसवा, पट्टा लावा आणि बाजूला बसून नीट बघा.

पहिलं म्हणजे पाठ. कंबरेपासून पाठ सीटला पूर्ण टेकली पाहिजे. पुढे सरकून किंवा रेलून बसलं तर टेकत नाही, म्हणजे नापास.

दुसरं गुडघे. पाठ टेकलेली असताना गुडघे सीटच्या कडेवरून आरामात खाली वाकले पाहिजेत. इथेच बहुतेक पोरं अडकतात. मांडी सीटपेक्षा छोटी असली की पाय पुढे ताठ राहतात, पोटऱ्यांना कड टोचते, मग मूल काय करतं तर हळूच पुढे घसरतं म्हणजे गुडघे वाकतील, आणि पुढे घसरलं की पट्टा मांडीवरून सरकून पोटावर चढतो. आपल्याला वाटतं हा किती वेडावाकडा बसतो, शिस्त नाही. शिस्तीचा संबंधच नाही, पाय पुरत नाहीयेत बिचाऱ्याचे.

तिसरं खांदा. वरचा पट्टा गळा आणि दंड यांच्या मधून, कॉलरबोनच्या साधारण मध्यावरून गेला पाहिजे. मानेला घासत असेल तर नापास, खांद्यावरून दंडावर घसरत असेल तरी नापास.

चौथं मांड्या. खालचा पट्टा मांड्यांना टेकून, कंबरेच्या हाडांवर, अगदी खाली बसला पाहिजे. पोटावर अजिबात नको. बेंबीच्या जवळपास दिसला तर टेस्ट तिथेच संपली.

पाचवं, जे सगळे विसरतात. या चारही गोष्टी प्रवास संपेपर्यंत तशाच राहिल्या पाहिजेत. पार्किंगमध्ये दोन मिनिटं आई बघतेय म्हणून सगळीच मुलं ताठ बसतात हो. खंबाटकी घाट ओलांडून दीड तास झाल्यावर, मोबाइल बघून कंटाळा आल्यावर, धाकट्याशी चिप्सच्या पाकिटावरून मारामारी झाल्यावर कसं बसलंय ते बघा. आमची मोठी गेल्या वर्षी पहिल्या चार पायऱ्या झकास पास झाली आणि पाचवीत साताऱ्याच्या आधीच आडवी झाली.

पाचपैकी एक जरी "नाही" आलं तर बूस्टर परत लावायचा. चार आले म्हणून ग्रेस मार्क नाहीत.

पट्टा पोटावर आला तर एवढं काय होतं? लावलेला तर असतो ना.

हा खरंच महत्त्वाचा प्रश्न आहे. सीट बेल्टचं काम असं की धडक झाली की तो जोर शरीराच्या मजबूत हाडांवर घ्यायचा, म्हणजे खाली कंबरेच्या हाडांवर आणि वर खांदा-छातीवर. मोठ्या माणसाच्या कंबरेच्या हाडाला पुढे जो उंचवटा असतो ना, ज्यावर आपली पँट अडकते, त्यावर पट्टा अडकून राहतो. लहान मुलांचा तो उंचवटा पुरता वाढलेला नसतो. त्यामुळे पट्टा हाडावरून सटकून वर पोटात जातो, आणि पोटात अडवायला काही नाही, आतडी आहेत, लिव्हर आहे, प्लीहा आहे. शरीर पट्ट्याच्या खालून पुढे सरकतं आणि कंबरेतून दुमडतं, त्यात पाठीचा मणकासुद्धा मोडू शकतो. डॉक्टर लोकांनी याला सीट बेल्ट सिंड्रोम असं नावच दिलंय. बाहेरून पोटावर नुसता पट्ट्याचा वळ दिसतो आणि आत बरंच काही झालेलं असतं, म्हणून अपघातानंतर मुलाच्या पोटावर असा वळ दिसला तर मूल "मला काही झालं नाही" म्हणालं तरी हॉस्पिटलमध्ये न्यायचंच.

बूस्टर यात वेगळं काही करत नाही. तो मुलाला उचलतो, पट्टा जिथे हवा तिथे आणतो, आणि सीटची खोली कमी करतो म्हणजे गुडघे वाकतात. बस. एवढ्या साध्या वस्तूने अमेरिकेतल्या अपघातांच्या अभ्यासात ४ ते ८ वर्षांच्या मुलांना गंभीर इजा होण्याची शक्यता नुसत्या पट्ट्यापेक्षा ४५ टक्क्यांनी कमी झालेली दिसली.

उंचीचा काही आकडा आहे का? रोज कोण टेस्ट घेत बसणार.

आहे, १४५ सेंटिमीटर, म्हणजे ४ फूट ९ इंच. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांची संघटना साधारण याच उंचीला बूस्टर सुटतो म्हणते, आणि ही उंची मुलं ८ ते १२ वर्षांच्या दरम्यान केव्हातरी गाठतात असंही म्हणते. पण या ८ वर भरवसा ठेवू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात ८ वर्षांच्या मुलाची सरासरी उंची १२७ च्या आसपास आहे आणि १० व्या वर्षी १३८. म्हणजे १४५ गाठेपर्यंत ११ वं वर्ष उजाडतं, आणि ज्यांच्या घरात सगळेच बुटबैंगण (आमच्याकडे दोन्ही बाजूंनी) त्यांना १२ सुद्धा लागेल.

दरवाजाच्या चौकटीवर पेन्सिलने उंचीच्या खुणा करत असाल तर १४५ ला एक जाड रेघ मारून ठेवा. आमच्याकडे आहे. मोठी रोज त्याखाली टाचा उंचावून उभी राहते. पण रेघ गाठली की आपोआप पास असं नाही हां, तेव्हाही टेस्ट घ्यायचीच. कारण काही मुलांचे पाय लांब असतात, काहींचं धड लांब असतं, उंची तीच पण सीटवर बसल्यावर पट्टा वेगळ्याच जागी येतो.

आमच्या गाडीत बरोबर बसतो पण भावाच्या गाडीत नाही, असं कसं?

असंच असतं. प्रत्येक गाडीच्या सीटची खोली वेगळी, बकल किती वर आलेलं असतं ते वेगळं, वरचा पट्टा कुठून निघतो ते वेगळं. आमच्या हॅचबॅकमध्ये मागची सीट आखूड आहे, तिथे मोठीचे गुडघे छान वाकतात. दिराच्या मोठ्या एसयूव्हीत सीट सोफ्यासारखी खोल, तिथे पाय सरळ समोर. म्हणजे गाडी जितकी ऐसपैस आणि महाग तितकं मूल लवकर सुटेल हा समज सोडून द्या, उलटंच होतं बऱ्याचदा. एकाच गाडीतसुद्धा मधली रांग आणि तिसरी रांग यात फरक पडतो. ज्या ज्या गाडीत मूल नेहमी बसतं त्या प्रत्येक गाडीत टेस्ट घ्या आणि एका गाडीत बूस्टर, एकीत नाही, असं एखादं वर्ष चालवायची तयारी ठेवा. त्यात कमीपणा काही नाही.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्यात २०१९ ला सुधारणा झाली, त्यात कलम १९४ब आलं. १४ वर्षांखालचं मूल सीट बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय गाडीत असेल तर गाडी चालवणाऱ्याला १,००० रुपये दंड. त्या कलमात उंचीचा उल्लेख नाही, म्हणजे ६ वर्षांच्या मुलाला नुसता पट्टा लावला तरी पावती फाटणार नाही. म्हणूनच "पोलिस तर काही म्हणत नाहीत" हे उत्तर माझ्याकडे चालत नाही, पोलिसाला तुमच्या मुलाचे गुडघे दिसत नसतात.

मागच्या सीटवर पट्टा लावायचा असतो हेच आपल्याकडे कितीतरी लोकांना सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ सायरस मिस्त्रींच्या गाडीचा अपघात झाला तेव्हा कळलं. ते मागे बसले होते आणि पट्टा लावलेला नव्हता असं पोलिसांनी सांगितलं. त्यानंतर मुंबईत १ नोव्हेंबरपासून गाडीतल्या सगळ्यांना पट्टा सक्तीचा केला. आमच्या घरात त्या आठवड्यात पहिल्यांदा सासऱ्यांनी मागच्या सीटच्या फटीत हात घालून बकल शोधून काढलं. सहा वर्षं जुनी गाडी, बकल कोरं करकरीत.

बूस्टरऐवजी उशी किंवा जाडजूड चादर घडी करून दिली तर?

नको. उशी दाबली जाते आणि सरकते, दोन्ही नेमकं धडकेच्या क्षणी. मूल तिच्यासकट पट्ट्याखालून पुढे जातं. बूस्टरचा तळ कडक असतो आणि दोन्ही बाजूंना पट्टा खाली धरून ठेवायला जे कान किंवा खाचा असतात ना, खरं काम त्यांचं आहे.

पट्टा मानेला घासतो म्हणून काखेखालून घेतो ती. चालेल?

अजिबात नाही, आणि पाठीमागे टाकला तर त्याहून वाईट. काखेखालून घेतला की सगळा जोर बरगड्यांवर, पाठीमागे टाकला की वरचं शरीर मोकळंच, डोकं जाऊन पुढच्या सीटवर. मूल पट्टा काखेत घेतंय याचा अर्थ मूल हट्टी आहे असा नाही, बूस्टर अजून हवाय असा आहे. पट्टा खाली ओढणाऱ्या क्लिपा मिळतात ऑनलाइन, त्या पट्ट्याची जागा बदलण्याच्या नादात खालचा भाग पोटावर ओढतात, त्यामुळे मी घेत नाही. आणि बकलमध्ये नुसतीच अडकवून बीप बंद करायची ती क्लिप, तिच्याबद्दल मी काही बोललेच तर शिव्याच देईन.

हाय बॅक आणि बॅकलेस यात कुठला, आणि कधी बदलायचा?

पाठ असलेला तो हाय बॅक, नुसतं पाटासारखं आसन तो बॅकलेस. शक्य तितके दिवस हाय बॅक ठेवा. त्याला खांद्याचा पट्टा ओवायची खाच असते, बाजूला पंख असतात त्यामुळे बाजूने धडक बसली तर डोक्याला आधार मिळतो, आणि मूल झोपलं तर डोकं त्यात राहतं. नव्या युरोपियन नियमात, ज्याला आर१२९ किंवा आय-साइझ म्हणतात, बॅकलेस १२५ सेंटिमीटरच्या पुढेच मान्य आहे. त्याच्याआधी नको हे मी स्वतःसाठी ठरवून टाकलंय.

बॅकलेस वापरणार असाल तर गाडीच्या सीटचं हेडरेस्ट मुलाच्या कानापर्यंत तरी येतंय का बघा. आणि कुठलाही बूस्टर असो, तीन ठिकाणी अडकणारा पट्टा हवाच. नुसत्या कंबरेच्या पट्ट्यावर बूस्टर लावणं धोक्याचं आहे. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत मागच्या मधल्या जागी तसलाच पट्टा आहे, त्यामुळे बूस्टरवालं मूल खिडकीशी.

गाडीत झोपली की मान लटकते, पट्टा सरकतो. याचं काय?

मग अजून नुसत्या पट्ट्यावर यायची वेळ झालेली नाही, निदान लांबच्या प्रवासासाठी. आम्ही सध्या हेच करतोय, शाळा-क्लास-भाजी असं गावातल्या गावात आमच्या गाडीत मोठीला बूस्टर नाही (ती पाचही पायऱ्या पास आहे, म्हणजे जागी असताना), पण कोल्हापूरला निघालो की हाय बॅक निघतो. कारण पहाटे साडेपाचला निघालं की कात्रजच्या बोगद्याच्या आत तिचे डोळे मिटलेले असतात. यावर ती चिडते. मी म्हणते जागी राहून दाखव.

वजन जास्त आहे, उंची कमी. काय करू?

बूस्टर उंचीसाठीच लागतो, वजनाने पट्टा नीट बसत नाही. गोंधळ होतो तो असा, की जुन्या नियमाच्या सीटांवर १५ ते ३६ किलो असं लिहिलेलं असतं, आणि मूल ३८ किलोचं पण १३८ सेंटिमीटरचं असेल तर आईबाबांना वाटतं संपलं. संपलं नाही, दुसरा बघायचा. आर१२९ वाल्या बूस्टरवर किलोऐवजी उंची लिहिलेली असते, १०० ते १५० सेंटिमीटर अशी. खाली किंवा मागे नारिंगी लेबल असतं, त्यावर सगळं असतं.

पुढच्या सीटवर कधी?

१३ वर्षांपर्यंत मागेच. बूस्टर सुटला म्हणजे पुढे प्रमोशन असं नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढे डॅशबोर्ड जवळ आणि एअरबॅग मोठ्या माणसाच्या अंदाजाने फुगणारी. अगदीच नाइलाज झाला तर सीट जाईल तेवढी मागे सरकवायची.

आणि विषय निघालाच आहे तर सनरूफ. पोरांना त्यातून अर्धं बाहेर काढून एक्सप्रेस वेवर फोटो काढणारे आईबाप मला दर लाँग वीकेंडला दिसतात. त्यांच्यासाठी इथे वेगळा प्रश्न लिहिणार होते, पण ते हे वाचणार नाहीत.

आजी-आजोबा ऐकत नाहीत. "आमच्या वेळी कुठे होतं हे सगळं, दे इकडे मांडीवर घेते."

मी वाद घालून थकले आणि मग एकदा वहीत गणित करून दाखवलं. सासरे निवृत्त गणिताचे शिक्षक, म्हणून हा मार्ग. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी एक दशांश सेकंदात थांबली, तर २५ किलोच्या नातवाला धरून ठेवायला साधारण ३५० किलो वजन पेलण्याइतका जोर लागतो. त्यांनी स्वतः दोनदा ताडून बघितलं, चष्मा काढला, आणि त्या दिवसापासून धाकट्याचा पट्टा ते स्वतः तपासतात, इतका की आता मलाच ओरडा बसतो.

"आमच्या वेळी" चं उत्तर द्यायचं असेल तर सासूबाईंना नाही, स्वतःला द्या. त्यांच्या वेळी गावाला एसटीने जायचे.

वर्गातली मुलं चिडवतात, "बेबी सीट" म्हणून.

हा माझ्या मते सगळ्यात अवघड प्रश्न, कारण इथे सेंटिमीटर कामाला येत नाहीत. आम्ही दोन गोष्टी केल्या. एक तर काळा, साधा बॅकलेस घेतला जो बाहेरून दिसतसुद्धा नाही (१२५ च्या पुढे गेल्यावर). आणि दुसरं, टेस्ट तिलाच घ्यायला दिली. दर तीन महिन्यांनी ती स्वतः बसते, मी फक्त मोबाइलवर फोटो काढते, मग पट्टा कुठे आलाय ते तीच बघून सांगते. आई नाही म्हणतेय आणि पट्टा नाही म्हणतोय यात फार फरक पडतो. रेस चालवणाऱ्यांच्या गाडीत तर पाच-सहा ठिकाणी बांधून ठेवतात, हेही सांगून बघा, धाकट्यावर चाललं.

ओला-उबर, रिक्षा, शाळेची व्हॅन?

कॅबमध्ये बॅकलेस बूस्टर नेता येतो, हलका असतो, खांद्याला अडकवता येतो. फक्त मागचे पट्टे सीटकव्हरच्या खाली गाडलेले असतात, ते काढायला ड्रायव्हरदादांना आधी फोनवरच सांगायचं, आणि रात्री अकराला एअरपोर्टला नाही तर दिवसा एकदा सवय करून बघायची. रिक्षात पट्टाच नाही तर बूस्टरचा उपयोग नाही. शाळेच्या व्हॅनमध्ये किती पट्टे आहेत आणि किती मुलं आहेत एवढं एकदा स्वतः जाऊन मोजा.

परदेशात भावाकडे चाललोय. तिथे काय नियम?

जागेप्रमाणे बदलतात. कॅलिफोर्नियात ८ वर्षं किंवा ४ फूट ९ इंच. ब्रिटनमध्ये १२ वर्षं किंवा १३५ सेंटिमीटर, जे आधी होईल ते. जर्मनीत १२ वर्षं किंवा १५० सेंटिमीटर. ऑस्ट्रेलियात कायदा ७ वर्षांपर्यंतचा, पण सल्ला मात्र १४५ सेंटिमीटरचाच. म्हणजे माझी मोठी लंडनमध्ये सुटली आणि म्युनिकमध्ये अडकली. भावाला आधीच उंची कळवा म्हणजे तो तिथे कुणाकडून तरी उसना आणून ठेवेल. विमानात बूस्टर वापरता येत नाही, कारण तिथे फक्त कंबरेचा पट्टा असतो, त्यामुळे नेलाच तर लगेजमध्ये.

एकदा काढला, आता वाटतंय घाई झाली. परत लावला तर?

लावा की. आम्हीही लावला. दोन दिवस तोंड फुगलेलं होतं.

मूल बसलेलं नसताना बूस्टर नुसता सीटवर ठेवला तर?

पट्टा लावून ठेवा नाहीतर डिकीत टाका. मोकळा राहिला तर जोरात ब्रेक लागल्यावर तो पुढच्यांच्या डोक्यात येतो.

जुना बूस्टर कुणाला देऊ का?

द्या, पण आधी तीन गोष्टी बघा. मागे तारीख असते, किती वर्षं वापरायचा याची, ती उलटून गेली नाही ना. मोठ्या अपघातातून गेलेला असेल तर कुणाला द्यायचा नाही, बाहेरून चांगला दिसला तरी, प्लास्टिकमध्ये आत भेगा असू शकतात. आणि लेबल आणि माहितीची चिठ्ठी जागेवर आहे ना. आमचा पहिला हाय बॅक नणंदेच्या मुलाकडे गेलाय नाशिकला, कव्हर दोनदा धुऊन दिलं तरी खाचेतून अजून खारे शेंगदाणे निघतात म्हणते.